समोरच्या काठाचं गाव

डॅन्यूब नदीचे किलोमीटर उलटे मोजतात. काळ्या समुद्राकाठच्या सुलिना गावात शून्य, आणि तिथून प्रवाहाच्या विरुद्ध, उगमाकडे आकडा चढत जातो. या मोजणीत १७१८व्या किलोमीटरच्या आसपास, नदीच्या डाव्या काठावर श्टूरोव्हो आहे. आणखी दहा किलोमीटर खाली, १७०८ला, इपेल नदी येऊन मिळते आणि स्लोव्हाकिया संपतो. पुढची डॅन्यूब दोन्ही काठांनी हंगेरीची. म्हणजे डॅन्यूबवरचं हे स्लोव्हाकियातलं शेवटचं शहर. शहर म्हणायचं ते कागदावर; वस्ती जेमतेम दहा हजारांच्या आसपास.

श्टूरोव्होच्या घाटावर उभं राहिलं की श्टूरोव्हो दिसत नाही, हंगेरीतलं एस्टरगोम दिसतं. पाण्यापलीकडे टेकडी, टेकडीवर शंभर मीटर उंचीचा घुमट, खाली हिरव्या झाडीत जुन्या राजवाड्याच्या भिंती. तिकडे हंगेरीच्या पहिल्या राजाचा जन्म झाला, तिकडेच देशाच्या प्रमुख आर्चबिशपचं पीठ, आणि १८५६ मध्ये त्या चर्चच्या अभिषेकासाठी फ्रान्झ लिस्टने मुद्दाम संगीत रचून स्वतः सादर केलं. इतिहास सगळा पैलतीरावर. पण गंमत अशी की एस्टरगोमचं सगळ्यात चांगलं दर्शन एस्टरगोममधून होत नाही. तिथे टेकडीच्या पायथ्याशी मान वर करून बघावं लागतं, आणि घुमट पुढच्या कमानींआड जातो. संपूर्ण चित्र हवं असेल तर नदी ओलांडून इकडेच यावं लागतं. एका गावाचं वैभव आणि ते बघण्याची जागा दुसऱ्या गावाकडे, अशी ही वाटणी आहे. माझ्या मते श्टूरोव्होचा अख्खा इतिहास या वाटणीतून निघतो. हे गाव स्वतःसाठी कधी वसलंच नाही, समोरच्यासाठी वसलं.

आधी इथे काकात नावाचं खेडं होतं. ११५७ सालच्या कागदात त्याचा उल्लेख सापडतो. १५४३ मध्ये तुर्कांनी एस्टरगोमचा किल्ला जिंकला. किल्ला उजव्या काठावर, आणि शत्रू येणार तो डाव्या काठाने. तेव्हा समोरच्या काठावर एक पाय रोवून ठेवणं भाग होतं. तीन वर्षांत त्यांनी इथे एक छोटं ठाणं उभं केलं. दगडी किल्ला नव्हे; आपल्या बखरींतल्या शब्दात सांगायचं तर मेढेकोट. जाड लाकडी मेढ्यांच्या दोन रांगा जमिनीत ठोकायच्या, त्यांच्यात फांद्यांचं कूड विणायचं, आणि दोन रांगांमधल्या जागेत माती भरून धुमसायची. गरीब बांधणी वाटते खरी, पण तोफेच्या गोळ्याने दगडी भिंत फुटते आणि मातीत तोच गोळा रुतून बसतो. शिवाय लाकूड जवळचं, माती पायाखालची, मजूर गावातले; काही आठवड्यांत कोट उभा. दुबळी बाजू दुसरीच. नदीच्या ओलीने मेढ्या जमिनीच्या पातळीला कुजतात. वर लाकूड टणक, खाली पुरलेलं टणक, आणि मधे जिथे हवा आणि ओल दोन्ही लागतात तिथेच भुसा. त्यामुळे काही वर्षांनी मेढ्या बदलत राहाव्या लागत. आगीची भीती तर कायमची.

अशा कोटाला या भागात ‘पार्कान’ म्हणत. गावाचं हंगेरियन नाव ‘पार्कान्य’ पडलं ते त्यावरूनच, आणि गावातले हंगेरियन लोक आजही हेच नाव घेतात. तुर्कांनी मात्र ठाण्याला ठसकेबाज नाव दिलं होतं: ‘जीएर्देलेन’. देलेन म्हणजे भेदणारं, आणि ‘जीएर’ म्हणजे आपलं जिगर. दोन्ही भाषांत शब्द फारसीतूनच आला. काळीज चिरणारं ठाणं! नाव ऐकून समोरच्याची छाती दडपावी अशी अपेक्षा असणार. कुजत चाललेल्या मेढ्यांच्या कोटाला असं नाव देणाऱ्याला विनोदबुद्धी होती की निव्वळ बढाई मारायची होती, कोण जाणे.

या काळजाची परीक्षा १६८३ च्या ऑक्टोबरमध्ये झाली. व्हिएन्नाला तुर्कांनी घातलेला वेढा उठून महिनाही झाला नव्हता. पोलंडचा राजा यान सोबिएस्की पळणाऱ्या तुर्की फौजेच्या मागावर होता आणि विजयाच्या कैफात होता. ७ ऑक्टोबरला त्याचं घोडदळ पायदळाची आणि मित्रसैन्याची वाट न बघता पार्कानवर चालून गेलं. समोर थोडीच माणसं असतील असा अंदाज होता; निघाली मोठी फौज. पोलिश घोडेस्वार उधळले, खुद्द राजा कसाबसा वाचला, तो पडल्याची हूलही उठली. दोनच दिवसांनी, ९ तारखेला, ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा सेनापती लोरेनचा चार्ल्स याच्या सैन्यासह तो पुन्हा आला, या वेळी शिस्तीने फळी मांडून. तुर्कांच्या पाठीशी नदी होती आणि परतीची वाट एकच, होड्यांवर टाकलेला पूल. पळणाऱ्यांच्या भाराने तो पूल मोडला. लढाईत मेले त्यांच्याइतकीच माणसं नदीने घेतली असतील. महिना संपायच्या आत एस्टरगोमही पडलं. आज श्टूरोव्होत सोबिएस्कीचा अश्वारूढ पुतळा आहे, आणि पोलंडहून गरम पाण्याच्या तलावांसाठी येणारे लोक त्याच्यासमोर फोटो काढून घेतात. पुतळा अर्थातच ९ तारखेच्या राजाचा आहे, ७ तारखेच्या नव्हे.

पूल नव्हता तेव्हा नदी कशी ओलांडत? होड्यांचा पूल अधूनमधून असे, पण एका काळात इथे ‘उडता पूल’ होता. नाव फसवं आहे, ते एक तराफ्यासारखं मोठं जहाज होतं. त्याचं तंत्र मात्र इतकं सुंदर की जरा थांबून बघावं. प्रवाहाच्या वरच्या अंगाला, नदीच्या मध्याजवळ एक भक्कम नांगर टाकायचा. त्याला लांबलचक दोर, आणि दोर पाण्यात बुडून वाहत्या कचऱ्यात अडकू नये म्हणून मधे छोट्या होड्या, त्यांच्यावरून दोर नेलेला. दोराच्या खालच्या टोकाला तराफा. आता सुकाणू वळवून तराफा प्रवाहाला तिरका केला की पाणी त्याच्या कुशीवर आपटतं आणि त्याला बाजूला ढकलतं. दोर खाली वाहून जाऊ देत नाही. मग तो लंबकासारखा झुलत एका काठावरून दुसऱ्या काठावर जातो. परत यायचं तर सुकाणू उलटं. वल्ही नकोत, शीड नको, बैल नकोत. नदी स्वतःच हमाली करते. बिघडतं ते नदी बिघडली की. पाणी फार उतरलं आणि ओढ मंदावली तर तराफा मध्यातच रेंगाळतो. हिवाळ्यात बर्फाचे तुकडे वाहू लागले की दोर तोडतात, म्हणून सगळं उचलून काठावर. आणि वरून खाली येणाऱ्या प्रत्येक मालवाहू नावेला हा दोर म्हणजे गळफास. नदीच्या अर्ध्या रुंदीत तिला वाट काढावी लागे.

इथली नदी आपल्या नद्यांसारखी वागत नाही, हेही सांगायला हवं. डॅन्यूबचं पाणी मुख्यतः आल्प्सच्या बर्फाचं आणि तिकडच्या पावसाचं. त्यामुळे मोठं पाणी बहुधा मे-जूनमध्ये, आणि शरद ऋतूत नदी खाली बसते. जून २०१३ मधला पूर तसाच, उन्हाळ्याच्या तोंडावरचा. गावावर ऊन पडलेलं, आकाश निरभ्र, आणि नदी मात्र तासातासाला पायरी चढतेय. पूर वरून येतो, पण पावसाच्या रूपात नव्हे, बातमीच्या रूपात: आज पसाऊला किती, उद्या व्हिएन्नाला किती, ब्रातिस्लाव्हाला किती. श्टूरोव्होला हाताशी काही दिवस मिळतात. वाळूची पोती भरायला तेवढे पुरतात, झोप लागायला पुरत नाहीत.

पक्का पूल आला २८ सप्टेंबर १८९५ ला. सम्राट फ्रान्झ योसेफच्या धाकट्या मुलीचं नाव त्याला दिलं, मारिया व्हालेरिया. आराखडा यानोश फेकेतेहाझी या अभियंत्याचा. बुडापेस्टचा हिरवा स्वातंत्र्य पूलही त्याचाच. हा माणूस वाह नदीकाठच्या शाला गावचा. ते गावही पुढे, १९२० च्या करारानंतर, चेकोस्लोव्हाकियात गेलं. पुलाला पाच गाळे. मधला सगळ्यात मोठा, ११९ मीटरचा. दोन्ही बाजूंना गाळे लहान होत जातात. प्रत्येक गाळ्याची लोखंडी वरची कड धनुष्यासारखी वाकलेली, त्यामुळे लांबून बघताना पाच लाटा एका रांगेत गोठल्यासारख्या दिसतात. ही वक्रता नुसती शोभेची नाही. गाळ्याच्या मध्यावर वाकण्याचा ताण सर्वाधिक, म्हणून तिथे सांगाड्याची उंची जास्त; टोकांना ताण कमी, तिथे उंची कमी. लोखंड गरजेपुरतंच लागतं.

पुढची शंभर वर्षं या गावाची हकीगत म्हणजे या पुलाची हकीगत. पहिल्या महायुद्धापर्यंत दोन्ही काठ हंगेरीचे होते; त्यानंतर नदी ही चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरी यांच्यातली सीमा झाली. १९१९ च्या जुलैत स्फोटाने पुलाचं नुकसान झालं, १९२६ मध्ये तो पुन्हा नीट सुरू झाला. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनी आणि इटलीने दिलेल्या व्हिएन्नाच्या निवाड्याने पार्कान्य पुन्हा हंगेरीला मिळालं आणि पुलाची दोन्ही टोकं काही वर्षं एकाच देशात आली. १९४४ मध्ये गावातल्या ज्यूंना गाड्यांत भरून छळछावण्यांकडे नेलं. त्याच वर्षी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पूल उडवला. मधले तीन गाळे पाण्यात गेले. काठालगतचे दोन शिल्लक राहिले, एक इकडे, एक तिकडे, आणि मधे नदीत नुसते खांब.

पूल परत उभा राहायला जवळजवळ ५७ वर्षं लागली. दोन्ही देश एकाच गटातले, दोघांचे झेंडे लाल, भाषणांत बंधुभाव ओसंडून वाहणारा, आणि पाच-सहाशे मीटर पाण्यावर तीन गाळे टाकणं मात्र जमलं नाही. अभियांत्रिकीची अडचण नव्हतीच. खांब उभे होते. अडचण इच्छेची होती. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाने हंगेरियन लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं. हजारोंना चेक प्रदेशात मजुरीला नेलं, हजारोंना अदलाबदलीच्या करारानुसार हंगेरीत पाठवलं. अशा सीमेवर पूल कोणाला हवा होता? नंतर धरणांचा वाद आला. १९७७ च्या करारानुसार खाली नाग्यमारोशला बांध व्हायचा होता. तो झाला असता तर श्टूरोव्होसमोरची वाहती डॅन्यूब फुगवट्याच्या तलावात बदलली असती. १९८९ मध्ये हंगेरीने ते काम थांबवलं आणि प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेलं. या भांडणात पुलाचा विषय काढणार कोण! तोवर माणसं फेरीबोटीने जात. ती धुक्यात बंद, बर्फात बंद, पुरात बंद. बोट नसेल तर जवळचा पूल वर कोमार्नोला, सुमारे पन्नास किलोमीटरवर. समोर दिसणाऱ्या घरी जायला शंभर किलोमीटरचा वळसा. पुलाचा करार शेवटी १९९९ मध्ये झाला, निम्म्याच्या आसपास पैसा युरोपीय संघाने दिला, आणि ११ ऑक्टोबर २००१ ला पूल उघडला. आकार जुनाच ठेवला, पाच धनुष्यांचा, फिकट हिरवा. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. नवा झुलता पूल कदाचित स्वस्त पडला असता, पण मग मोडलेलं जोडलं असं कोणी म्हटलं नसतं.

आता नावाचं. १९४८ मध्ये दक्षिण स्लोव्हाकियातल्या हंगेरियन नावांच्या गावांची घाऊक नावं बदलली. ओग्याल्लाचं हुर्बानोव्हो, गूताचं कोलारोव्हो, बोशचं गाबचीकोव्हो, आणि पार्कान्यचं श्टूरोव्हो. ल्युदोवित श्टूर हा माणूस मोठाच. १८४३ मध्ये मध्य स्लोव्हाकियाच्या बोलीवर लिखित स्लोव्हाक भाषा उभी करण्याचा निर्णय त्याने हुर्बान आणि होजा या सहकाऱ्यांबरोबर घेतला. त्याचा जन्म उह्रोवेत्सचा, मृत्यू मोद्राचा, तोही शिकारीत स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागून. पार्कान्य त्याच्या आयुष्यात कुठेच येत नाही. आणि स्लोव्हाक भाषेच्या या जनकाचं नाव दिलं कुठल्या गावाला, तर जिथे बहुसंख्य लोक घरी हंगेरियन बोलतात! कोलारोव्होला ज्याचं नाव दिलं त्या कोलारची कथा तर आणखी मजेची. हा कवी श्टूरच्या नव्या भाषेच्या विरोधातच होता, त्याला चेकच्या जवळची भाषा हवी होती. पण पाट्या रंगवणाऱ्यांनी दोघांना एकाच दिवशी एकाच पंगतीत बसवलं.

पाट्या आता द्विभाषिक आहेत: वर श्टूरोव्हो, खाली पार्कान्य. नावांचा गुंता मात्र घराघरांत आहे. हंगेरियनमध्ये आडनाव आधी आणि नाव मागून, स्लोव्हाकमध्ये उलट. शिवाय स्लोव्हाक रीतीने बाईच्या आडनावाला ‘ओव्हा’ लागतं. म्हणजे घरातली नाग्य इलोना सरकारी कागदावर इलोना नाग्योव्हा. १९९० च्या दशकात कायद्याने ‘ओव्हा’ न लावण्याची मुभा दिली, तरी जुन्या आणि नव्या कागदांवरची नावं जुळवत बसण्याचं काम संपत नाही. बाजारात भाषा कशी चालते हे ऐकण्यासारखं आहे. दुकानदार सुरुवात बहुधा हंगेरियनमध्ये करतो, समोरचा स्लोव्हाकमध्ये बोलला की तिसऱ्या शब्दाला तोही वळतो, आणि आकडे मोजताना पुन्हा आपल्या भाषेत जातो. हिशेब माणूस आईच्याच भाषेत करतो.

ऑक्टोबरात सिमोन आणि यूदा या संतांची जत्रा भरते. मुख्य रस्त्यावर मंडप, अर्धवट आंबलेली गढूळ नवी द्राक्षवाइन, लांगोश म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या तेलात तळलेल्या मोठ्या पुऱ्या आणि त्यावर लसणाचं पाणी. पण नदीकाठचं खरं खाणं म्हणजे हालासले, कोळ्यांचं माशाचं लालभडक सूप. कृती साधी, चुका मात्र ठरलेल्या. किलोभर कार्प मासा असेल तर पाव किलो कांदा आणि दीड लिटर पाणी. डोकं, शेपूट आणि काटे कांद्याबरोबर तासभर उकळून, गाळणीवर दाबून घ्यायचे; दाटपणा तिथून येतो, पिठातून नव्हे. कार्पच्या मांसात इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचे बारीक काटे असतात, ते काढता येत नाहीत. म्हणून तुकड्याला पाठीच्या बाजूने दोन-तीन मिलिमीटरवर समांतर चिरा द्यायच्या, कातडी न कापता. काटे तुकडे होऊन शिजताना मऊ पडतात. लाल पाप्रिका दोन मोठे चमचे. ती कोरड्या गरम भांड्यात कधीच टाकायची नाही. तिच्यात साखर असते, ती क्षणात करपते आणि सूप कडू होतं. उकळत्या रसातच घालायची. मग मिठात ठेवलेले तुकडे सोडायचे, पंधरा मिनिटं. आणि आता पळी हातात घ्यायची नाही! ढवळलं की मासा फुटतो. भांड्याचे कान धरून नुसतं हलवायचं. नदीच्या दोन्ही काठांवर हेच सूप होतं आणि दोन्ही काठांना आपलंच खरं वाटतं. कांदा किती, यावरून वाद होतो. देशावरून होत नाही.

रेल्वेने येणाऱ्याला एक सूचना. प्राग-बुडापेस्ट गाड्या श्टूरोव्होला थांबतात, पण स्टेशन गावात नाही, नाना या शेजारच्या खेड्याच्या अंगाला आहे. १८५० मध्ये रेल्वेमार्ग टाकणाऱ्यांनी नदीकाठच्या ठाण्यापेक्षा सरळ रेषा जास्त महत्त्वाची मानली. सामान असेल तर बस बघावी.

गाव पोट भरायलाही पैलतीरावरच जातं. इथला कागद कारखाना बंद पडला, आणि पलीकडे एस्टरगोमला सुझुकीच्या मोटारी बनतात. तिथल्या पाळ्यांना इकडून माणसं पूल ओलांडून जातात. आपल्याकडच्या रस्त्यांवर मारुती म्हणून धावणाऱ्या गाड्यांची ही युरोपातली भावंडं. जड मालट्रकांना मात्र पुलावर मज्जाव, ते पुन्हा तराफ्यानेच नदी ओलांडतात. उडत्या पुलाचे दिवस पूर्ण गेले नाहीत म्हणायचे. २००७ च्या डिसेंबरात पुलावरची पासपोर्ट तपासणी उठली. २००९ मध्ये इकडे युरो आला, तिकडे फोरिंट राहिला, आणि फोरिंट घसरला की गाडीच्या डिकीत तेल-साखर भरून आणायला रांग लागू लागली. मार्च २०२० मध्ये साथीमुळे सीमा बंद झाली तेव्हा एक नवाच प्रकार कळला: पूल शाबूत, आणि जाता येत नाही.

जाता जाता एक जुनी नोंद. श्टूरोव्होच्या जरा खाली ह्रोन नदी डॅन्यूबला मिळते. दुसऱ्या शतकात रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस क्वादी टोळ्यांशी लढत याच ह्रोनच्या काठी होता आणि रात्री तंबूत स्वतःपुरती टिपणं लिहीत होता. त्या टिपणांच्या पहिल्या दोन भागांच्या सांध्यावर ओळ आहे: क्वादींच्या मुलखात, ग्रानुआच्या काठी. ग्रानुआ म्हणजे ह्रोन. तेव्हाही हा काठ समोरचाच होता. साम्राज्य पलीकडे संपत होतं.

लिहिण्याचं ते काम आता वेगळ्या प्रकारे चालू आहे. २००४ पासून श्टूरोव्होत ‘पूलरक्षक’ नेमतात. पाळीपाळीने देशोदेशीचे चित्रकार, लेखक, संगीतकार, कधी शास्त्रज्ञ काही महिने येऊन राहतात. पूल पुन्हा उडू नये म्हणून त्याच्यावर नजर ठेवायची, ही त्यांची अधिकृत जबाबदारी. हत्यार काही नाही. एक रोजनिशी आहे, तीत नोंद करायची. धुकं, पाण्याची उंची, एखादी मालवाहू नाव, पुलावरून शाळेत जाणारी मुलं.